पाटीची मागची बाजू

पेंटरने कोपऱ्यावरचं दुकान पत्त्यांत घालवलं, अशी आवई गल्लीत उठली. ती उठवणाऱ्याला धरून विचारायला हवं होतं की, बाबा रे, या माणसाला पत्ते पिसताना तरी तू कधी पाहिलंस का? पण असलं काही विचारत बसलं तर गल्लीत बोलायला उरणार काय! दूधवाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत बातमी पोचेतो पत्त्यांत दारू मिसळली होती, आणि फाटकापासून परत येताना तिच्यात एक बाईही आली.

खरी गोष्ट याहून वाईट आहे. पत्ते नव्हते, दारू नव्हती, आणि बाई होती ती त्याची स्वतःचीच बायको. दुकान गेलं ते भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, नुसता चहा पिऊन. आणि गेलं ते थट्टेत.

या पेंटरला सगळे मख्ख म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि तो ओ देतो. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. चेहरा असा, की त्यावरून सुख, दुःख, भूक, पोटदुखी काहीच वाचता येऊ नये. गल्लीतल्या प्रत्येक दुकानावर सुबक अक्षरं काढणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडावर मात्र कोरी पाटी. आणि त्या कोऱ्या पाटीमागून तो थट्टा करायचा. दुसरी माणसं थट्टा करताना आधी स्वतः हसतात, डोळा मारतात, कोपराने ढोसतात. मख्खची रेषसुद्धा हलायची नाही.

त्यात आणखी एक खोड. थट्टा बोलून सोडून देणं त्याला जमायचं नाही. दातांच्या डॉक्टरला तो एकदा म्हणाला, "तुमच्या पाटीवरच्या दाताला कीड काढून ठेवतो, पेशंट घाबरून लवकर येतील." डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भल्यामोठ्या पांढऱ्याशुभ्र दाढेवर एक काळा ठिपका होता, आणि इतका हुबेहूब, की बघणाऱ्याची जीभ आपोआप आपल्या दाढेकडे जावी. न्हाव्याला म्हणाला, "तुझ्या आरशाला मिशी काढतो." काढली. अजून आहे. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण दाढी होईस्तोवर मिशाळ दिसतो.

कोपऱ्यावरचं दुकान त्याला वडिलांकडून आलेलं, एका खोलीचं. पण दोन रस्त्यांना उघडं, उजेड भरपूर. पेंटरला उजेडापेक्षाही एक गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे मागे सरायला जागा. अक्षर जवळून नीट दिसत नाही. चार अक्षरं काढली की मख्ख कुंचला घेऊन तसाच मागे मागे चालत रस्ता ओलांडायचा, समोरच्या फुटपाथवर उभा राहून एक डोळा मिटून बघायचा आणि परत यायचा. गाड्यावाले त्याला चुकवून जायचे. नवखा असला तर शिव्या द्यायचा, जुना असला तर विचारायचा, "काय पेंटर, जमलं का?"

त्याच इमारतीत, बोळकांडीतून आत गेलं की मागच्या खोलीत लाँड्री. लाँड्रीवाला एकटा, लग्न न केलेला, सोबतीला म्हातारी आई. खोलीला एकच झरोका. इस्त्रीच्या वाफेने भिंती कायम घामेजलेल्या. म्हातारीला दिसायचं कमी, त्यामुळे ती दिवसभर दाराशी उजेडाच्या एका पट्टीत खुर्ची टाकून बसायची, आणि पट्टी सरकली की खुर्ची सरकवायची. गिऱ्हाईकांना दुकान सापडायचं नाही. दुपारी मख्खच्या दुकानी चहा प्यायला आला की लाँड्रीवाल्याचं एकच पालुपद.

"पेंटर, हा कोपरा मला दे आणि माझी सुटका कर."

वर्षानुवर्षं मख्खने त्याला उडवाउडवीची उत्तरं दिली होती. त्या दुपारी त्याने कानामागे कुंचला खोचला आणि म्हणाला, "घे. तुझी मागची खोली मला दे. अदलाबदल."

"थट्टा करतोस."

"माझ्याकडे बघ. थट्टा करणारा माणूस असा दिसतो?"

लाँड्रीवाल्याने निरखून पाहिलं. शेजारी न्हावी कप हातात धरून बसला होता, तो म्हणाला, "अरे, त्याच्या तोंडाकडे काय बघतोस? याचा बाप गेला तेव्हाही हा असाच दिसत होता."

"घरी विचारलंस का?" लाँड्रीवाला म्हणाला.

"घरी मी विचारत नसतो. कळवतो."

ही त्या दुपारची सगळ्यात मोठी थट्टा होती. पण लाँड्रीवाला बिनलग्नाचा, त्याला ती कळणार कशी?

"मग लिहून दे," तो म्हणाला.

"लिहिण्यावर तर माझं पोट आहे," मख्ख म्हणाला, आणि त्याने पत्र्याची एक जुनी पाटी ओढून घासायला घेतली.

बेत साधा होता. पाटीची मागची बाजू आधी रंगवायची: 'थट्टा होती, राव! चहा तुझ्याकडून.' मग पुढची बाजू. पाटी दुकानावर लावायची, लाँड्रीवाल्याला दोन दिवस हवेत तरंगू द्यायचं, आणि सुट्टीच्या सकाळी सगळी गल्ली जमली की पाटी फिरवायची. रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पण त्याला कळेल ना, ही थट्टा आहे ते?"

"कळली तर थट्टा कसली?"

मागची बाजू त्याने घाईत उरकली. तिथे काय, हसायचं आणि संपलं. पुढच्या बाजूला मात्र त्याचा हात थबकला. पाटी लागणार होती त्याच्याच दुकानावर, आणि येणारेजाणारे म्हणणार होते, पेंटरच्या दुकानावर असलं गचाळ अक्षर? म्हणून त्याने आधी अस्तराचा रंग मारला. मग दोरी धरून रेषा आखल्या. वर मोठ्या अक्षरांत 'ही जागा आता लाँड्रीची'. खाली 'पेंटर मागच्या खोलीत'. त्याखाली 'अदलाबदल'. कुंचला घेऊन तो मागे मागे चालत रस्त्यापलीकडे गेला, एक डोळा मिटला. शेवटची ओळ तोकडी पडत होती. पाटी एका अंगाने लंगडी दिसत होती. तो परत आला आणि ओळ भरावी म्हणून 'अदलाबदल'पुढे 'राजीखुशीने' असा शब्द घातला. आता कशी भरल्यासारखी दिसली!

लाँड्रीवाला समोर उभाच होता. "पेंटर, खरं ना रे?"

"राजीखुशीने लिहिलंय, वाचता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "बघ हं पेंटर, खरं ना?"

मख्ख अक्षरांना छाया देत होता. पिवळ्या अक्षराच्या उजव्या कडेला काळी, कडेबाहेर न जाणारी बारीक छाया. मान मोडून येईल असं काम. तो वर न बघताच म्हणाला, "छाया देतोय ना? मग?"

छाया वाळली तेव्हा, हाताला सवय म्हणून, त्याने खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही केली. आयुष्यात त्याच्या हातून बिनसहीची पाटी बाहेर गेली नव्हती. ही तरी कशी जाईल?

सुट्टीच्या आदल्या दिवशी पाटी वर चढली. मख्ख शिडीवरून उतरत होता तेवढ्यात लाँड्रीवाला आईला हाताला धरून घेऊन आला. जुनं इस्त्रीचं यंत्र त्याने कालच विकून टाकलं होतं आणि कोपऱ्याच्या दुकानात बसेल असं मोठं यंत्र सांगून आला होता. पण हे मख्खला नंतर कळलं. त्या वेळी त्याला दिसली ती फक्त म्हातारी. ती दुकानाच्या पायरीपाशी आली, तिथल्या उन्हात तिने दोन्ही हात पुढे केले, शेकोटीपुढे करतात तसे, आणि म्हणाली, "इथे बसणार ना रे मी आता?"

मग तिने चाचपडत मख्खचं तोंड शोधलं आणि दोन्ही गालांवरून हात फिरवला. "पोरा, तू माझं भलं केलंस. तुझं सगळं चांगलं होईल."

पाटी हाताच्या अंतरावर होती. दोन खिळे सैल होते, मुद्दामच सैल ठेवलेले. मख्खने वर पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "जपून आजी, पायरी ओली आहे."

एवढंच. त्या एका वाक्यावर पुढे कोर्टात अर्धा दिवस खल झाला.

रात्री बायकोने विचारलं, "मग, सांगितलंत?"

"उद्या सांगतो."

सकाळी गल्ली जमली. मख्खने पाटी फिरवली. न्हावी हसला, डॉक्टर हसले, दूधवाला हसला. लाँड्रीवाला वाचत उभा राहिला. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आईने रात्रीच सामान बांधलंय." आणि बोळकांडीत निघून गेला. हसणं जागच्या जागी विरलं. थट्टा अंगाशी येणं म्हणजे काय, ते त्या सकाळी गल्लीने डोळ्यांनी पाहिलं.

लाँड्रीवाल्याची नोटीस आली. मख्खचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वकील. तो म्हणाला, "भाऊजी, काळजी करू नका. थट्टेतल्या बोलण्याला कायदा करार मानत नाही. फक्त समोरच्याला, किंवा चारचौघांतल्या शहाण्या माणसाला, ही थट्टा आहे असं दिसायला हवं होतं. तुम्ही थट्टेखोर आहात हे सिद्ध करायचं. साक्षीदारांची काय वाण आहे!"

साक्षीदारांची खरंच वाण नव्हती. सगळी गल्ली मख्खला वाचवायला कोर्टात लोटली, आणि एकेकाने त्याला थोडं थोडं बुडवलं.

न्हाव्याने आरशाच्या मिशीची गोष्ट रंगवून सांगितली. लाँड्रीवाल्याच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "म्हणजे मिशी काढतो असं ते थट्टेत म्हणाले?"

"हो ना! थट्टेतच."

"आणि मग?"

"मग काय, काढली."

डॉक्टरांनी किडीचं सांगितलं. "काढली का कीड?" "काढली." तिसराही तसाच, चौथाही तसाच. मख्ख बाकावर बसून ऐकत होता. वर्षानुवर्षं ज्या गोष्टींवर लोक पोट धरून हसले, त्याच गोष्टी एक एक वीट होऊन त्याच्याभोवती रचल्या जात होत्या. मेहुण्याने डोक्याला हात लावला. "भाऊजी, एखादी थट्टा तरी अर्धी सोडायची होतीत हो!"

मग बायकोची पाळी आली. मेहुण्याने तिला विचारलं, "ते थट्टा करतायत हे तू कशावरून ओळखतेस?"

"कुंचल्यावरून. खरं बोलत असले तर तो हातात असतो. थट्टा असली की डाव्या कानामागे जातो. त्या दुपारी कानामागेच होता, न्हावीदादांनी सांगितलं मला."

मख्खने चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं.

समोरचा वकील उठला. "ताई, ही खूण लाँड्रीवाल्यांना माहीत होती?"

"नाही."

"गल्लीत आणखी कुणाला?"

"मलाच कळायला दहाएक वर्षं लागली."

"लग्नाचं त्यांनी तुम्हाला कसं विचारलं होतं?"

मेहुण्याने हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "विचारू द्या." त्यांनाही ऐकायचं होतं. माणूस आहे, काय करणार.

बायको लाजली. "माझ्या वडिलांच्या दुकानाची पाटी रंगवत होते. मला म्हणाले, कोपऱ्यात माझी सही असते, तिच्याशेजारी तुझं नाव टाकू का? मी हसले. दुसऱ्या दिवशी बघते तर टाकलेलं."

"थट्टेत विचारलं होतं?"

"थट्टेतच की. कुंचला कानामागे होता."

"आणि मग?"

"मग काय, लग्न झालं."

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा. वकील म्हणाला, "म्हणजे त्यांनी थट्टेतलं पाळलं."

"पाळलं ना! आजपर्यंत..." म्हणता म्हणता ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांत न हसलेला तो एकटाच होता. पण त्याचं काय, तो कधीच हसत नव्हता.

लाँड्रीवाल्याची उलटतपासणी झाली. मेहुणा त्याच्यावर तुटून पडला. "ही थट्टा आहे असं तुम्हाला क्षणभरही वाटलं नाही?"

"वाटलं ना! म्हणून तर पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. मग त्याने छाया द्यायला घेतली. साहेब, खोट्या पाटीला छाया कोण देतो?"

 या प्रश्नाचं उत्तर फक्त मख्खकडे होतं. छाया न दिलेली पाटी मला बघवत नाही, हे ते उत्तर. पण ते कायद्याच्या कुठल्या कलमात बसवणार?

त्याला पिंजऱ्यात उभं केलं. "राजीखुशीने हा शब्द तुम्हीच लिहिलात?"

"हो."

"का?"

"ओळ तोकडी पडत होती."

पुन्हा हशा. न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "तुम्ही आत्ता थट्टा करताय का?"

"नाही साहेब."

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिथे नेहमीप्रमाणे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या क्षणी मख्खला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हसता यायला हवं होतं. किंवा रडता. काहीही चाललं असतं. आयुष्यभर ज्या चेहऱ्याच्या आडोशाला मजेत बसलो, त्याचं दार बाहेरून लागलंय आणि आतून कितीही ठोठावलं तरी बाहेर ऐकू जात नाहीये.

शेवटी मेहुण्याने ती पाटीच पुढे आणवली. फिरवून मागची बाजू दाखवली. "साहेब, हे पहा. 'थट्टा होती, राव.' पुढची बाजू रंगवण्याच्या आधी लिहिलेलं. मनात पहिल्यापासून थट्टाच होती, याहून मोठा पुरावा कोणता?"

न्यायाधीशबाईंनी पाटी हातात घेतली. पुढून वाचली, मागून वाचली. मग त्या म्हणाल्या, "यांच्या मनात थट्टा होती, हे मला पटतं."

मख्खच्या बायकोने सुस्कारा सोडला.

"पण मन असतं ते असं, पाटीच्या मागच्या बाजूला. भिंतीला टेकलेलं. लाँड्रीवाल्याला दिसली ती पुढची बाजू. त्याने विचारलं, यांनी हो म्हटलं. अस्तर, आखणी, छाया, सही, काही सोडलं नाही. त्या भरवशावर त्याने यंत्र विकलं. त्याची आई आभार मानायला आली, तेव्हा एक शब्द बोलून सगळं मोडता आलं असतं. हे म्हणाले, पायरी ओली आहे. समोरच्याला थट्टा ठाऊक असती, किंवा ठाऊक व्हायला हवी होती, तर मी हा करार फाडून टाकला असता. पण इथे कुठलाही शहाणा माणूस फसला असता. अदलाबदल कायम."

बाहेर पायऱ्यांवर मेहुणा वरच्या कोर्टाचं बोलू लागला. बायको म्हणाली, "नको. तिथेही मला तेच विचारतील आणि मी तेच सांगेन."

मख्ख मागच्या खोलीत गेला. यंत्र गेलं तरी भिंतींतली ओल गेली नाही. त्यातच नव्या यंत्राच्या वाफेचा पाइप बोळकांडीत सोडलेला, नेमका त्याच्या झरोक्याखाली. रंग वाळत नाही. काल काढलेलं अक्षर आज बोटाला चिकटतं. आणि सगळ्यात मोठा जाच म्हणजे मागे सरायला जागा नाही. चार अक्षरं काढून तो सवयीने मागे पाऊल टाकतो आणि पाठ भिंतीला लागते. सदऱ्याच्या पाठीवर ओलीचा डाग कायमचा झाला आहे. अक्षर लांबून बघायचं तर पाटी उचलून बोळकांडीतून बाहेर आणायची, रस्त्यापलीकडे उभी करायची आणि आपण स्वतःच्या जुन्या दुकानासमोर उभं राहून बघायची. तो तेही करतो. त्या वेळी पायरीवर उन्हात बसलेली म्हातारी त्याची चाहूल ओळखते आणि विचारते, "पेंटर का रे? बरं चाललंय ना?" तो म्हणतो, "झकास." खरं की थट्टा, ते तिला दिसत नाही. डोळस माणसांना तरी कुठे दिसलं होतं!

गल्लीला मात्र करमेना. मख्ख आता कुणाची थट्टा करत नाही, कोर्टाने त्याला बंदी घातली आहे, अशी नवी आवई उठली. न्हाव्याने तर दंडाची रक्कमसुद्धा सांगितली. लाँड्रीवाल्याच्या कानावर ती गेली आणि त्याला काही बरं वाटेना. त्याला कोपरा हवा होता. दुपारचा चहा बंद व्हावा असं कधी वाटलं नव्हतं. एके दुपारी दोन कप घेऊन तो स्वतःच्या जुन्या बोळकांडीत शिरला. मख्ख पाठ भिंतीला लावून उभा होता, समोर अर्धी पाटी, कुंचला हातात.

लाँड्रीवाल्याने एक कप पुढे केला.  मग म्हणाला, "काय रे पेंटर, थट्टा बंद केलीस म्हणे?"

मख्खने कप घेतला, एक घोट घेतला, कुंचला कानामागे खोचला आणि म्हणाला, "बंद नाही केली. आता पाटीची मागची बाजू आधी दाखवतो, एवढंच."